चाळिसाला का ओढलंस?

मुरुम,
२८ मार्च १९६२

अंबादास मास्तर यांस,

सलाम लिहिणार नव्हतो. जमिलाबी म्हणाली, भांडणाच्या कागदावरसुद्धा आधी सलाम असावा, म्हणून तिच्या खातर लिहिला. माझ्याकडून नाही.

रविवारी तू जे केलंस ते तीन दिवस झाले गिळतोय. विहिरीचं पाणी गिळून झालं, हे काही गिळत नाही. तू त्याच संध्याकाळच्या एस.टी.नं तुळजापूरला पळालास म्हणून कागद काळा करावा लागतोय. नाहीतर तोंडावर बोललो असतो. आणि ज्या अक्षरांनी तुला बोल लावतोय ती मराठी अक्षरंही तूच मला शिकवलीस. निजामाच्या शाळेत मी उर्दू तेवढं शिकलो होतो. तेव्हा भोग आता.

आधी हे सांग, ते परदेशी मासिक मला कुणी दाखवलं? माणसं पाठीवर नळकांडी बांधून समुद्राच्या तळाला हिंडतात, ती चित्रं? तूच शाळेतून आणलंस आणि म्हणालास, "चाँद, हे तुला जमेल." तिथून चार महिने मी सायकलच्या दुकानात दुसरं काही केलं नाही. सोळा जुन्या ट्यूबा कापून एकीला एक जोडल्या. दोन पंप फळीवर बसवले, ते तेलाच्या घाण्यावरच्या ईरण्णानं दाबायचे. डोक्यावर घालायला काही सापडेना तेव्हा जमिलाबीची तांब्याची देगची घेतली, तिच्या अम्मीनं लग्नात दिलेली. पुढून कापून काच बसवली. मी कापत होतो तेव्हा जमिलाबी माझ्याकडं पाठ करून बसली होती. पण उपडी देगची खांद्यावर बसली की आत हवा राहते आणि वरून पंपाची हवा येत राहते, ही अक्कल तुझ्या मासिकातल्या साहेबाची नव्हे, मुरुमच्या सायकलवाल्याची आहे.

बलभीमच्या मळ्यातली विहीर, चार पुरुष पाणी, त्याच्या इंजिनाच्या पाइपाची झडप तळाला पडलेली. काठावर अर्धं गाव. कमरेला दगडांची पिशवी आणि दोर बांधून मी उतरलो. मास्तर, मी तळाला उभा होतो आणि माझे डोळे कोरडे होते. काचेतून गाळ दिसला, एक बेडूक दिसला, माझेच पाय मला दिसले. वीस वर्षं मी या गावाच्या घागरी आणि बादल्या काढतोय, पण तळ कधी डोळ्यांनी बघितला नव्हता. हातांनी चाचपलेला तेवढाच ठाऊक. झडप दोन हातांवर होती. मी श्वास घेत होतो, नीट वाच, श्वास घेत होतो, आणि तू दोर ओढलास.

देगची कलंडली. काचेची कड नाकावर बसली, आत पाणी शिरलं, आणि मी उलटा सुलटा होत वर आलो तो बुडालेल्या बकऱ्यासारखा. देगची खाली गेली, ट्यूबा तिच्या मागून गेल्या. लोक हसले. बलभीमची आई दगडाबाई काठावरून म्हणाली, "चाँदपाशा, सैपाकाची भांडी चुलीवरच बरी असत्यात रं." हे मला ऐकावं लागलं. माझ्या अब्बांना याच विहिरीवर, बुडी मारून वर आल्यावर, लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं होतं.

ईरण्णा पंप मारता मारता नेहमीसारखा कानडीत मोजत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "नलवत्तू." चाळीस. चाळिसाला ओढलंस तू.

आता नियम सांगू नकोस. नियम माझ्याच बापाचा आहे. वर दोर धरणाऱ्यानं खालच्याबरोबर आपलाही दम कोंडायचा, आणि वरच्याचा दम संपला की ओढायचं. पण तो दम कोंडून बुडी मारणाऱ्यासाठी. माझ्या डोक्यावर हवेनं भरलेली देगची होती. तू कशासाठी गाल फुगवून बसला होतास?

उत्तर पाहिजे. गोड बोलून चालणार नाही.

चाँदपाशा फकरुद्दीन


तुळजापूर,
२ एप्रिल १९६२

चाँदपाशास अंबादासचा नमस्कार. हा माझ्याकडून आहे, कुणाच्या खातर नाही.

पळून गेलो हा शब्द मागं घे. सोमवारी सातला माझा वर्ग असतो आणि मुरुमहून तुळजापूरला विमान जात नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही खेपा एकच वाटलं, की या माणसाला आपण लिहायला शिकवलं ही आपली चूक. तुझं नाक फुटलं, वाईट वाटलं. भाभींची देगची बुडाली त्याचं जास्त वाईट वाटलं. त्यांना सांग, मी दुसरी आणून देईन. पण मी गुन्हेगार असल्यासारखा जाब विचारतोस तो मला मान्य नाही.

बारा वर्षं मी तुमचा दोर धरतोय. मला हातभर पाण्यात पोहता येत नाही हे सगळ्या मुरुमला ठाऊक आहे. तुझ्या अब्बांनी पहिल्यांदा दोर हातात दिला तेव्हा विचारलं होतं, "मास्तर, पोहता येतं?" मी नाही म्हटलं. "दम किती?" फार नाही म्हटलं. तर म्हणाले, "मग तूच पायजे." खाली गेलेल्याला आपला दम कुठं संपतो ते कळत नसतं, वरच्याला कळतं, असं ते म्हणायचे. तेव्हापासून दोर हातात आला की माझं तोंड आपोआप मिटतं. तुझ्या डोक्यावर देगची आहे की मुंडासं, हे माझ्या तोंडाला कळत नाही. हातांना सवय लागली ती लागली. देगची, काच आणि पंप यांचा नियम तू आधी करायला हवा होतास. चार महिने ट्यूबा जोडल्यास, त्यात एक दिवस दोरकऱ्याला काय करायचं ते सांगायला काढला असतास.

आणि चाळीस, चाळीस काय लावलं आहेस? ईरण्णाचे पाय पंपावर, डोळे काठावरच्या बायकांवर. त्याचं मोजणं कोण धरतो. सत्तरही झाले असतील.

इकडं बरं आहे. शाळा टेकावर आहे, पायऱ्या पुष्कळ. खडूनं घसा धरला आहे म्हणून चारुशीला रोज काढा पाजते. तेवढं सोडलं तर मजेत आहे. मुरुमला इतक्यात येणं होणार नाही.

नाकाला हळद लाव आणि डोक्याला थंड पाणी.

अंबादास


मुरुम,
६ एप्रिल १९६२

मास्तर,

तुमच्या घरी काल पाडव्याची गुढी उभी राहिली असेल, श्रीखंड खाल्लं असशील. आमच्या घरात तुझं पत्र वाचलं गेलं.

"सवय" म्हणतोस. अरे, सवय बैलाला असते. बैलसुद्धा मोटेला पाणी आलं की नाही बघून वळतो. बारा वर्षं दोर धरला म्हणतोस, मग चार महिने रोज दुकानात येणाऱ्यांना मी त्या देगचीबद्दल सांगत होतो, दर महिन्याला तू येऊन पंप दाबून बघत होतास, तेव्हा तुझे कान कुठं होते? आणि ईरण्णावर कशाला घसरतोस? तेलाच्या घाण्यावर जन्म गेला त्याचा. फेरे मोजण्यात तो चुकत नाही. त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. बायकांवर डोळे होते म्हणालास त्याचा त्याला राग आला नाही, मोजायला चुकला म्हणालास त्याचा आला. अजून घाण्यावर बसून "नलवत्तू, नलवत्तू" करतोय.

दुसरी देगची आणून देतो म्हणालास तेही जमिलाबीला वाचून दाखवलं. म्हणाली, "माझ्या अम्मीची देगची तुळजापूरच्या बाजारात मिळती व्हय? इचारा त्यान्ला." बकरीदीच्या आत तिला ती परत पाहिजे. कापलेली, काच लावलेली, कशीही.

मला सगळ्यात काय टोचलं ते सांगू? गूळ. बुडी झाली की मळेकरी गूळ-शेंगा आणतो, आणि बुडी मारणाऱ्यानं पहिला खडा दोरकऱ्याच्या तोंडात घालायचा. बारा वर्षं तू माझ्या हातचा खडा खाल्लास. सुरुवातीला तुझ्या घरच्यांना कळलं तेव्हा केवढा गहजब झाला, तरी खाल्लास. ईरण्णाचं धोतर रहाटाला अडकून तो नागवा वर आला, त्या दिवशी हसता हसता तो खडा तुझ्या घशात अडकला होता. या रविवारी मी नाकातलं रक्त पुसून खडा घेऊन वळलो तर तू पाठमोरा, तोंडावर पंचा धरून, एस.टी.कडं चाललेला. गूळ ईरण्णानं बलभीमच्या बैलाला घातला.

तर ऐक. रविवारी पंधरा तारखेला देगची काढायची. तीच विहीर, तेच लोक. देगची नाही, पंप नाही, आपली जुनी दम कोंडून मारायची बुडी. तू यायचंस, दोर धरायचास, आणि उतरायच्या आधी सगळ्यांसमोर म्हणायचंस, "चूक माझी होती." तेवढं म्हणालास की झालं गेलं विसरलो. आला नाहीस तर दोर ईरण्णा धरेल, आणि पुढंही तोच धरेल.

चाँदपाशा


तुळजापूर,
१० एप्रिल १९६२

चाँदपाशा,

मी येणार नाही. शाळेच्या परीक्षा आहेत. शिवाय चैत्री पौर्णिमेची यात्रा तोंडावर, घरात पाहुणे.

चूक कबूल करून हवी आहे ना? घे. चूक माझी होती. हा कागद विहिरीच्या काठावर उभा राहून वाच, पाहिजे तर दवंडी पिटव. माझी अब्रू एवढ्यानं जात नाही. पण बारा वर्षं दोर धरलेल्या माणसाला तारीख देऊन बोलावतोस, आला नाहीस तर काढून टाकतो म्हणतोस, हे मी लक्षात ठेवीन. तालुक्याच्या कचेरीतला शिपाईसुद्धा याहून बऱ्या शब्दांत समन्स आणतो.

एक गोष्ट मात्र रागलोभ बाजूला ठेवून लिहितो, ती ऐक. ईरण्णाच्या हाती दोर देऊ नकोस. ईरण्णा देवळात शंख फुंकायला लागला की पुजारी आरती आटोपून घरी जाऊन जेवतो, तरी शंख चालूच. त्याचा दम संपायची वाट बघत खाली राहिलास तर देगचीबरोबर तुलाही गळ टाकून काढावं लागेल. दोर आखूड दमाच्या माणसाच्या हाती द्यायचा असतो. बलभीमला दे, बिड्या ओढून त्याची छाती पोकळ झाली आहे. नाहीतर त्याच्या आईला दे. पण ईरण्णाला नको.

यावर उत्तर लिहू नकोस. मला रोज रोज टपालाची वाट बघण्याएवढा वेळ नाही.

अंबादास


मुरुम,
१८ एप्रिल १९६२

मास्तर,

लिहू नकोस म्हणालास म्हणून लिहितोय. आधी हे पत्र पुरतं वाच, मग फाडायचं तर फाड.

दोर ईरण्णालाच दिला. तू नको म्हणालास, म्हणून तर नक्कीच दिला. मोजायला बलभीम बसला. पहिल्या दोन बुड्या वाया गेल्या, तिसरीत देगची हाताला लागली. पायरीच्या कपारीत गाळात तोंड खुपसून बसली होती. मी ती हलवतोय तर माझ्याच ट्यूबा, चार महिने जोडलेल्या, पायाला वेढा घालून बसल्या. सोडवायला वाकलो तर दुसरा पाय अडकला. दम संपला. दोराला हिसका दिला, पण दोर कपारीच्या दगडावर घासत होता, हिसका वर पोचला नाही. अब्बा म्हणूनच हिसक्याच्या खुणा ठेवत नव्हते. छातीत ठोके पडायला लागले, मग कानात, मग डोळ्यांपुढं पिवळं पिवळं. आणि वर ईरण्णा आरामात उभा. त्याचा दम कुठं संपला होता? त्याला वाटत होतं, आपल्याला अजून काही होत नाही, तर चाँदपाशाला काय होणार.

बलभीम "चौऱ्याण्णव" म्हणाला आणि मग ओरडला, "ओढ की रं, मेला त्यो." ओढलं. ट्यूब तुटली, पायाची सालटी निघाली. पायरीवर पालथा घालून बलभीमनं पाठ दाबली. म्हणे चार तांबे पाणी निघालं. देगची हातात तशीच होती, बोटं उघडून काढून घ्यावी लागली. ईरण्णा शेजारी बसून रडत होता. एवढा थोरला माणूस, घाण्याच्या बैलाएवढा. मी शुद्धीवर येताच त्याला दोन ठेवून दिल्या, मग दोघंही रडलो. त्यानं देवळात जाऊन शंख फुंकायचा नाही अशी शपथ घेतली आहे. पुजारी खूश आहे.

तू खरं सांगत होतास हे लिहून देतो. आता तुझ्याकडं माझा एक कागद, माझ्याकडं तुझा एक.

पण भांडण संपलं नाही. पडून होतो तीन दिवस, पाय सुजलेला, तेव्हा विचार करायला वेळ मिळाला. ईरण्णा उशाशी बसून होता. त्याला म्हटलं, "अंबादास कितीला ओढायचा रं?" तो म्हणाला, "एप्पत्तू. नेहमी सत्तर." मागच्या उन्हाळ्यात तुझी बदली व्हायच्या आधी सत्तर. मग तो बोटांवर मोजत एक एक सांगायला लागला, त्याच्या डोक्यात सगळं असतं. दिवाळीला लिंबाजीची कळशी काढली, साठ. संक्रांतीला रहाटाचं चाक काढलं, पन्नास. तेव्हा मी म्हटलंही होतं, मास्तर आज लवकर ओढलंस, बरं झालं, थंडी होती. आणि या मार्चात चाळीस.

सवयीनं ओढलंस म्हणालास ना? सवयीनं ओढला असतास तर सत्तराला ओढला असतास.

मी चिडून लिहितोय असं समजू नकोस. चिडलोच आहे, पण ते वेगळं. मी तुला एकच गोष्ट विचारतो आणि या खेपेला खडू, पायऱ्या, परीक्षा, यात्रा काही सांगायचं नाही. तू एस.टी.कडं जाताना तोंडावर पंचा का धरला होतास? चाळिसाला का ओढलंस?

चाँदपाशा


सोलापूर,
२३ एप्रिल १९६२

चाँदपाशाभावजींना चारुशीलाचा नमस्कार.

हे पत्र मी यांच्या नकळत लिहिते आहे. तुमचं पत्र तुळजापूरहून इथं पाठवलं गेलं, ते मीच यांना वाचून दाखवलं. मागची पत्रंही मला आता वाचायला मिळाली. खरं सांगते, मला तुम्हा दोघांचाही फार राग आला आहे. दोन शहाणे पुरुष महिनाभर एका देगचीवरून भांडता आणि एकाच्याही तोंडून खरं निघत नाही.

यांना क्षय झाला आहे. आम्ही इथं दवाखान्यात आहोत. बारा तारखेला शाळेच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडले, तेव्हा उघडकीला आलं. खोकला पावसाळ्यापासून होता. मला खडू सांगितला, शाळेत सर्दी सांगितली, तुम्हाला तर काहीच सांगितलं नाही. मार्चमध्ये तुमच्याकडून आले त्या रात्री पंच्यावर रक्त दिसलं. म्हणाले, दाढ दुखते आहे. मी विश्वास ठेवला.

चाळिसाला का ओढलं ते यांनी मला परवा सांगितलं. तुम्ही खाली गेलात तेव्हा दम कोंडायची गरज नाही हे यांना माहीत होतं, पण दोर हातात आला आणि खरंच सवयीनं तोंड मिटलं. तिसाच्या पुढं खोकला आवरेना. पंचा तोंडात कोंबला तर तो लाल झाला आणि डोळ्यांपुढं अंधार आला. माणूस खाली उतरल्यावर दोर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही असा तुमचा नियम. आपण पडलो तर दोर सुटेल आणि कमरेला दगड बांधलेला चाँद खालीच राहील, एवढंच यांना सुचलं, आणि यांनी ओढलं.

मी विचारलं, मग हे त्यांना का लिहिलं नाही? म्हणाले, "मला पोहता येत नाही चारू. त्या लोकांत मी दोरापुरता आहे. हे कळल्यावर दोर कोण देईल."

तुमच्या पत्रातले ते आकडे वाचले, सत्तर, साठ, पन्नास, तेव्हा यांनी भिंतीकडं तोंड केलं. मग म्हणाले, "मोजलं त्यानं."

आता खरी अडचण सांगते. डॉक्टर म्हणतात, सहा महिने हलायचं नाही. रोज सुई, पूर्ण विश्रांती, चांगलं अन्न, तर माणूस बरा होईल. पण यांनी शाळेत तीस तारखेपर्यंतचीच रजा टाकली आहे, तीही पायाच्या दुखण्याची म्हणून. खरं कळलं तर पुन्हा वर्गावर घेणार नाहीत असं यांच्या मनानं घेतलं आहे. तीस तारखेला इथून निघायचंच म्हणतात. मी रडून पाहिलं, भांडून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, मधेच उठून गेले तर दिवाळी बघतील असं मी सांगू शकत नाही.

मला दुसरं कुणी सुचलं नाही म्हणून तुम्हाला लिहिलं.

चारुशीला


मुरुम,
२७ एप्रिल १९६२

मास्तर,

तुझ्या बायकोचं पत्र काल पोचलं. देगची बुडाली तेव्हा मला राग आला होता असं मला वाटत होतं. तो राग नव्हता, राग काय असतो ते काल कळलं.

मला फसवलंस, ठीक आहे. मी सायकलवाला, मला कुणीही फसवतं. वहिनीला फसवलंस, त्याचं तू आणि ती बघून घ्या. पण पावसाळ्यापासून तू खाली गेलेला आहेस आणि वर कुणालाच सांगितलं नाहीस, दोरच बांधला नाहीस. बारा वर्षं अब्बांचा नियम आम्हाला सुनावत होतास. मला लिहितोस, ईरण्णाला दोर देऊ नकोस, आखूड दमाच्याला दे. हे लिहिताना तुझी लेखणी कशी थांबली नाही? स्वतःच्या दमाचं काय झालंय ते तुला ठाऊक होतं आणि तू माझ्या दमाची काळजी करत बसलास. आणि दोरापुरता आहेस म्हणे. ईरण्णाला मी हे वाचून दाखवलं नाही. त्यानं ऐकलं असतं तर घाणा सोडून सोलापूरला चालत आला असता, आणि तुला आधी मारलं असतं.

मी काही कमी गाढव नाही. साठ कानावर पडले, पन्नास कानावर पडले, मी थंडी म्हटलं. मी तोंडावर पंचा बघितला आणि गुळाचा राग धरून बसलो. जमिलाबीला वहिनीचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पान्याच्या तळाला डोळं उघडून बघितलं म्हून गावभर सांगत व्हता. वर कोन उभा हाय ते बघितलंच न्हाय तुमी."

आता मी काय केलं ते सांगतो. सांगतो, विचारत नाही.

आज पहाटेच्या गाडीनं तुळजापूरला गेलो. तुझ्या शाळेत जाऊन हेडमास्तरांना भेटलो आणि सगळं सांगितलं. पाय नाही, क्षय. सहा महिने. ते खुर्चीतून उठले, खिडकी उघडली, माझ्यापासूनही दोन हात लांब उभे राहिले. मग बसले. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. म्हणाले, डॉक्टरचा कागद आणा, रजा अर्ध्या पगाराची मिळेल, जागा ठेवतो. पुन्हा वर्गावर घ्यायचं का, ते बरं झाल्यावर डॉक्टर सांगतील तसं. याहून जास्त त्यांनी कबूल केलं नाही, मीही खोटं सांगत नाही. रजेचा अर्ज तिथंच बसून तुझ्या नावानं मी लिहिला. खाली तुझी सही राहिली आहे. रविवारी तो कागद घेऊन सोलापूरला येतोय. तीस तारखेला तू तिथून उठणार नाहीस. उठलास तर दवाखान्याच्या दारात ईरण्णाला उभा करीन.

जमिलाबी बरोबर येतेय. देगचीला तांबटाकडून पत्रा लावून आणला, आता ती गळत नाही, दिसायला मात्र वाईट दिसते. त्यात तुझ्यासाठी हुलग्याचं माडगं करायचं म्हणते. मी म्हटलं, त्यांच्याकडं आपल्या भांड्यातलं चालंल का. ती म्हणाली, "त्यांच्या चाँदच्या डोक्यावर चाललं, त्यांच्या पोटाला चालंल." वहिनीला विचारून घे, पण जमिलाबीचा निर्णय झालेला आहे.

आता तू भांडशील. माझं गुपित होतं, मला न विचारता का ओढलंस म्हणशील. भांड. पण खाली गेलेल्याला आपला दम कुठं संपतो ते कळत नसतं, हे तूच मला दोन तारखेच्या पत्रात लिहिलं आहेस. पत्र माझ्याजवळ आहे. नियम तुझ्यासाठी वेगळा नाही. वहिनीचं पत्र वाचून मी उठलो तेव्हा जमिलाबी म्हणत होती, आधी जेवा तरी. मी चाळिसाची वाट बघितली नाही.

गूळ घेऊन येतोय, बलभीमच्या मळ्यातला, नवा. पण तो तुला मिळणार नाही, उशाशी डब्यात राहील. पहिला खडा बुडी मारणाऱ्यानं दोरकऱ्याच्या तोंडात घालायचा असतो, वर आल्यावर. या खेपेला खाली तू आहेस. सहा महिने लागले तरी चालतील. मी दुसऱ्या कुणाच्या हातचा खाणार नाही.

सलाम. हा माझ्याकडून आहे.

चाँदपाशा